वैशाखांतील पक्षी व पोकळ झाडें

रत्नागिरी शहराभोंवतालच्या बागांतून वैशाखांत आंब्याची तोड चालू असते व बागाईतदाराची दृष्टि फळावरच खिळलेली असते. ती थोडी वर, फांद्यांकडेहि वळावी, असें आमचें मत आहे. तांबटाची टुक्‌टुक् सर्वांच्या कानीं पडते. पावशाची 'पेरते व्हा' ही हांक तर कुणब्याच्या घरचीच. पण धनेशाकडे पाहणारे थोडे. या दिवसांत त्याची मादी जुन्या झाडाच्या ढोलींत शिरून तिचें तोंड लिंपून घेते, आणि ठेवलेल्या फटींतून नर तिला व पुढें पिलांना फळें भरवितो.

पावसापूर्वीं सरपणासाठीं पोकळ झाड विकण्याची आमची रीतहि नेमकी याच महिन्यांतली. गतवर्षीं आम्हीं स्वतःच एक बेहडा तोडावयास दिला. ढोलींतून पिलें निघालीं, तेव्हां घेतलेले पैसे परत करून भागण्यासारखें नव्हतें.

पोकळ झाडाला किंमत ती काय, असें कोणी म्हणेल. वड, उंबर, पिंपळ यांचें बीं रानभर पसरणारा हा पक्षी आहे. आणि अशाच ढोलींत राहणारें गव्हाणी घुबड रात्रीं शेतांतले उंदीर मारतें. त्याला अपशकुनी म्हणून दगड मारणें हा तर निव्वळ तोटा.

सौदा ठरविण्यापूर्वीं चार सकाळी झाडापासून दूर बसून पाहावें. नर फळ घेऊन येत असेल, तर पिलें उडेपर्यंत कुऱ्हाड थांबवावी. ठेकेदार थांबत नाहीं, पाऊस आला म्हणतो. त्यास खुशाल जाऊं द्यावें. धनेशाची जोडी बहुधा पुढल्या वर्षींहि त्याच ढोलीकडे येते, म्हणून तें झाड मुळींच न विकणें बरें.