पाण्याची शुद्धता आणि व्यापाऱ्याची पत

मुसी नदीच्या १९०८ सालच्या महापुरानंतर उभारलेल्या उस्मानसागर व हिमायतसागर या जलाशयांनी हैदराबादकरांची तहान पिढ्यान्‌पिढ्या भागविली. आज मात्र आपल्या अनेक पेढ्यांवर माठाची जागा वीस लिटरच्या कॅनने घेतली आहे. हा कॅन कोठे भरला, कोणी धुतला, हे विचारण्याचे कष्ट आपण घेतो काय? पै-पैचा ताळा पाहणाऱ्या व्यापारी बंधूंनी पाण्याच्या बाबतीत इतके उदासीन असावे, हे उचित नव्हे.

पाणी गाळून पिण्याचा संस्कार आपणांस नवा नाही. बांगलादेशात जुन्या साडीच्या अनेकपदरी घडीतून पाणी गाळल्याने पटकीचे रोगी सुमारे निम्म्याने घटले, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. तथापि वस्त्राच्या सामर्थ्यास मर्यादा आहे. नलगोंडा जिल्ह्यातील विहिरींचे फ्लोराइड वस्त्राने अडत नाही आणि उकळण्यानेही जात नाही. म्हणून कारखान्यात पाणी प्रथम वाळूच्या व कोळशाच्या थरांतून नेतात. कोळसा वास, रंग व क्लोरीन शोषून घेतो. पुढे अतिसूक्ष्म पडद्यातून ते दाबाने लोटले असता विरघळलेले क्षार बहुतांशी मागे राहतात. अखेरीस अतिनील किरण व ओझोन जंतूंचा नाश करतात.

परंतु येथेच खरी मेख आहे. नळाच्या पाण्यात उरलेला क्लोरीन वाटेत त्याची राखण करतो. या पाण्यातून तो निघून गेलेला असतो. ओझोनचाही लवकरच प्राणवायू होऊन जातो. त्यानंतर अस्वच्छ कॅनमधून वा सैल झाकणातून शिरलेल्या जंतूस अडविणारे काहीच उरत नाही. लाखो रुपयांची यंत्रे एका न धुतलेल्या भांड्यापुढे हरतात.

सरकारी बंधन म्हणाल, तर २००१ पासून या पाण्यास भारतीय मानक चिन्ह सक्तीचे होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये ही सक्ती उठली व नोव्हेंबरात अन्न सुरक्षा प्राधिकरणाने असे पाणी अधिक जोखमीच्या वर्गात घातले. तरीही निरीक्षक वर्षातून एखादे वेळी येणार. उरलेले दिवस राखण विक्रेत्याच्या सचोटीचीच.

अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे हलका माल अस्सल म्हणून विकणे, गणलेला आहे. न धुतलेल्या कॅनवर ‘शुद्ध जल’ लिहिणे त्याहून निराळे आहे काय? ज्या बंधूंचा हा व्यवसाय आहे, त्यांनी कॅन प्रत्येक वेळी निर्जंतुक करून भरावा व जुना, चरे पडलेला कॅन बाद करावा. इतरांनी सील, परवाना क्रमांक व भरल्याची तारीख पाहिल्यावाचून कॅन स्वीकारू नये, तो उन्हात ठेवू नये आणि त्याची तोटीही वेळोवेळी धुवावी. चार रुपये वाचविण्यासाठी बिनसीलचा कॅन घेणे, हा घाट्याचाच सौदा होय. कारण ते पाणी आपली मुले आणि आपले नोकर पितात.