लेखनाचें घर कोणाच्या नांवें?

हल्लीं आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांस आपलें लेखन वार्षिक अंकाची वाट न पाहतां स्वतःच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करावेंसें वाटूं लागलें आहे. कोणी कविता करतो, कोणी शेतांतील पक्ष्यांचीं टिपणें ठेवतो, कोणी आजीच्या तोंडच्या अहिराणी गोष्टी उतरून घेतो. ही इच्छा सर्वथा स्तुत्य होय. परंतु काय लिहावें ह्याचा जितका विचार होतो, तितका तें लेखन राहणार कोठें व कोणाच्या ताब्यांत, ह्याचा होत नाहीं. ‘स्वस्त जागा कोठें मिळते?’ एवढेंच विचारलें जातें. आमच्या मतें हा प्रश्न दुसरा आहे. नांव कोणाचें आणि प्रत कोणापाशीं, हा पहिला.

अमळनेरास हा विषय परका नाहीं. ज्या विप्रो कंपनीचें नांव आज संगणकाच्या व्यवसायांत जगभर ऐकूं येतें, तिचा आरंभ १९४५ सालीं ह्याच गांवीं वनस्पति तेलाच्या धंद्यानें झाला. आणि लेखन प्रसिद्ध करण्याच्या खटपटीस तर येथें त्याहूनही जुनी परंपरा आहे. साने गुरुजी १९२४ सालीं येथील शाळेंत शिक्षक झाले. वसतिगृहांतील मुलांसाठीं ते ‘छात्रालय’ नांवाचें दैनिक हातानें लिहून काढीत. १९२८ सालीं त्यांनीं ‘विद्यार्थी’ हें मासिक सुरू केलें व पुढें १९३८ सालीं येथूनच ‘काँग्रेस’ हें साप्ताहिक काढलें. हस्तलिखितास कागद व शाई पुरे होती, पण वाचकास त्या कागदापर्यंत चालत जावें लागे. छापील अंक वाचकाकडे जाई, पण त्यास छापखाना, कागद व टपाल ह्यांचा खर्च लागे. आजच्या विद्यार्थ्यास छापखाना नको, टपाल नको; त्यास लागते ती केवळ जागा. म्हणूनच ती डोळसपणें निवडली पाहिजे.

संकेतस्थळ उभारणें म्हणजे तीन वस्तू एकत्र आणणें होय : नांव, जागा व मजकूर. नांव म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता. तो कायमचा विकत मिळत नाहीं. ठराविक वर्षांपुरता नोंदवावा लागतो, व मुदत संपण्यापूर्वीं पुन्हा शुल्क भरावें लागतें. जागा म्हणजे अहोरात्र चालू राहणाऱ्या परक्या संगणकाचा भाड्यानें घेतलेला कोपरा. टिम बर्नर्स-ली ह्यांनीं जिनेव्हाजवळील सर्न संस्थेंत जगांतील पहिलें संकेतस्थळ ज्या यंत्रावर ठेवलें, त्यावर ‘हें यंत्र बंद करूं नये’ अशा अर्थाची चिठ्ठी डकवली होती. कारण यंत्र निजलें कीं वाचकास दार बंद! घरच्या संगणकावर हा जागता पहारा ठेवणें कठीण, म्हणून जागा भाड्यानें घ्यावयाची. नांवाच्या नोंदींत त्या जागेचा ठिकाणा लिहिला म्हणजे नांव टाकणारा वाचक तेथें येऊन पोंचतो. ही नोंद वाटेल तेव्हां बदलतां येते. नांव आपलें असेल तर एक मालक सोडून दुसऱ्याकडे बिऱ्हाड हलवितां येतें आणि वाचकास त्याची दादही लागत नाहीं. नांवच परक्याचें असेल तर बिऱ्हाडाबरोबर वाचकही गमावला.

फुकट मिळणाऱ्या जागांविषयीं आमचें मत असें. वैशाखांत सखाराम महाराजांच्या यात्रेसाठीं बोरीच्या पात्रांत दुकानें थाटतात. तेथें दुकान थाटण्यांत शहाणपणच आहे, परंतु नदीच्या पात्रांत वाडा कोणी बांधीत नाहीं. फुकट जागेचेंही तसेंच. हात बसेपर्यंत, लिहिण्याची गोडी टिकते कीं नाहीं हें अजमावण्यापुरती ती उत्तम. पण तेथील कायदा मालकाचा, व दुकान उठविण्याचा दिवसही तोच ठरविणार. जिओसिटीज ह्या एके काळच्या विख्यात ठिकाणीं लक्षावधि लोकांनीं आपलीं पानें मांडलीं होतीं; तें २००९ सालीं बंद करण्यांत आलें. ऑर्कुट २०१४ सालीं मिटलें. दोन्ही वेळां आगाऊ सूचना होती. परंतु सामान वेळेवर उचलणारे थोडे, हळहळणारे फार.

भाड्याची जागा घेतांना नवशिक्यानें सामायिक जागा घ्यावी. चाळींतल्याप्रमाणें तेथें एकाच यंत्रावर अनेक बिऱ्हाडें असतात. शेजारीं गर्दी झाली तर आपलें पान किंचित् हळू उघडतें, पण यंत्राची डागडुजी मालक पाहतो. स्वतंत्र यंत्राचा थाट विद्यार्थ्यास नको. त्यांत लिहिण्यापेक्षां दुरुस्तींतच वेळ जातो. पैसे भरण्यापूर्वीं चार गोष्टी विचारून घ्याव्या. पहिल्या वर्षाचें भाडें सवलतीचें असतें. दुसऱ्या वर्षाचें किती? यंत्र मुंबईस आहे कीं सातासमुद्रांपलीकडे? जवळचें असल्यास खानदेशांतील वाचकास पान लवकर उघडतें. पत्त्यासमोर सुरक्षिततेचें जें कुलूप दिसतें, त्याचें प्रमाणपत्र २०१५ पासून विनामूल्य मिळूं शकतें. मग त्याचे वेगळे पैसे कशाबद्दल? आणि आपलें सर्व लेखन एकदम बाहेर काढून नेतां येईल काय? शेवटच्या प्रश्नास जो सरळ उत्तर देत नाहीं, त्याच्याकडे बिऱ्हाड करूं नये.

पुढील काम अवघड नाहीं. मजकूर मांडण्यासाठीं २००३ सालीं निघालेली वर्डप्रेस ही विनामूल्य प्रणाली पुष्कळ ठिकाणीं एका कळीसरशी बसवितां येते. परवलीचा शब्द लांब व निराळा ठेवावा, प्रणालीच्या सुधारणा वेळोवेळीं घ्याव्या, आणि चित्रें लहान करून लावावीं, म्हणजे साध्या मोबाइलवरही पान उघडेल. देवनागरी नांवाची हौस असल्यास २०१४ पासून ‘.भारत’ ह्या शेवटाचें नांव नोंदवितां येतें, सोबत ‘.इन’चें रोमन नांवही घेतल्यास वाचकांची सोय होईल.

आतां प्रतीविषयीं. १० मार्च २०२१ रोजीं फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथें ओव्हीएच कंपनीच्या यंत्रगृहास आग लागून एक इमारत जळून गेली. ज्यांच्या लेखनाची राखीव प्रतही त्याच आवारांत होती, त्यांचें मूळ आणि प्रत दोन्हीं गेलीं. मालक कितीही मोठा असला तरी आपली प्रत आपल्या घरीं असावी. ह्याचा धडा घेण्यास फ्रान्सपर्यंत जावयास नको. आपल्याच खानदेशांतील बहिणाबाई चौधरींस लिहितां वाचतां येत नव्हतें. त्यांचे चिरंजीव सोपानदेव व आप्त ह्यांनीं त्यांच्या ओव्या कागदावर उतरून ठेवल्या, म्हणून त्यांच्या निधनानंतर १९५२ सालीं त्यांचें पुस्तक निघूं शकलें. तो कागद नसता तर महाराष्ट्र केवढ्या ठेव्यास मुकला असता! दर महिन्यास सर्व लेखन उतरवून एक प्रत संगणकांत व एक निराळ्या पेटीवर ठेवावी. एवढा नियम पाळला तरी पुरे.

पालकांस दोन शब्द. खर्चाचें ओझें वाटत असेल तर सांगणें असें कीं, नांवाची नोंद वर्षाकाठीं बहुधा हजार रुपयांच्या आंतबाहेर होते. जागेचें भाडें तूर्त नको असल्यास नांव नोंदवून तें फुकट जागेसच जोडावें; पुढें बिऱ्हाड हलविणें सोपें जाईल. परंतु अठरा वर्षांखालील मुलास आपल्याकडील कायद्यानें करार करतां येत नाहीं, म्हणून खातें पालकांनीं आपल्या नांवें उघडावें. ‘सर्व कांहीं करून देतों’ म्हणणाऱ्यावर काम सोंपवाल तर नांवाची नोंद त्याच्या नव्हे, तुमच्या नांवें व तुमच्या टपालपत्त्यावर आहे, हें स्वतः पाहावें. घराचा उतारा पाहिल्यावांचून कोणी खरेदीखत करीत नाहीं. मुलाच्या लेखनाचा उतारा तेवढ्याच दक्षतेनें पाहावा. कोणी म्हणेल, पोरांच्या चार कवितांसाठीं एवढा खटाटोप कशास? चांगलें काय निघेल हें आज कोणासच ठाऊक नसतें. आणि आजीची जी गोष्ट आज उतरवून ठेविली नाहीं, ती उद्यां सांगावयास आजी असेलच असें नाहीं.

तेव्हां विद्यार्थिमित्रहो, जागा भाड्याची घ्या, ती हवी तेव्हां बदला. परंतु नांव घरचें ठेवा आणि प्रत घरांत ठेवा. मग निश्चिंत मनानें लिहावयास बसा.