आकडे मोजू नका, शोधून बघा

ऑनलाइन ग्रंथालय चांगलं की वाईट, हे आपण आकड्यांवरून ठरवतो. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’साठी केंद्राने २०२४ मध्ये ६,००० कोटी मंजूर केले, सुमारे १३,००० जर्नल्स मिळणार म्हणून टाळ्या वाजल्या. त्यातली बहुतेक इंग्रजी आहेत, हे कोण बोलणार?

माझी कसोटी साधी आहे. कुठलाही डेटाबेस घ्या, मोबाइलवर देवनागरीत ‘सत्यशोधक समाज’ शोधा. काही सापडतं? सापडलेलं पूर्ण उघडतं, की नुसता सारांश दिसतो? कॉलेजच्या वायफायबाहेर चालतं? स्कॅन केलेल्या पुस्तकाच्या आत शब्द शोधता येतो? येत नसेल तर तो नुसता फोटोंचा गठ्ठा.

ही परीक्षा विद्यार्थी-शिक्षकांनीच घ्यावी, आणि पैसे भरण्याआधी. जे शोधून सापडत नाही, ते आपल्यासाठी ग्रंथालयात नाहीच.