टोमॅटो बाजारातला, अळू गॅलरीतला

२०२३ च्या जुलैत टोमॅटो दीडशे-दोनशे रुपये किलो झाला आणि आमच्या भागातल्या रोपवाटिकेत टोमॅटोचं रोप मिळेनासं झालं. उत्तर प्रदेशातल्या एका मंत्रीणबाईंनी तर सांगूनच टाकलं, महाग वाटतात तर घरी कुंडीत लावा, नाहीतर खाणं सोडा. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर याच सल्ल्याच्या गोड आवृत्त्या फिरत होत्या. रंगाच्या रिकाम्या बादल्या, तेलाचे डबे, थर्माकोलची खोकी असं सगळं अडगळीतून बाहेर निघालं. पुण्यातल्या मध्यमवर्गाने शेतकऱ्याला धडा शिकवायचं ठरवलं होतं म्हणा ना!

आता हिशेब बघा. बी टाकल्यापासून रोप लावणीला यायला पंचवीस-तीस दिवस लागतात. लावणीनंतर पहिला तोडा साठ-सत्तर दिवसांनी. म्हणजे जुलैच्या भावाला घाबरून टाकलेल्या बियांचा टोमॅटो ऑक्टोबरात ताटात येणार. आणि सप्टेंबरातच भाव असा कोसळला की शेतकऱ्याच्या हाती किलोला चार-पाच रुपये पडायला लागले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात नाशिककडे लोकांनी टोमॅटो रस्त्यावर ओतला होता, कारण तो बाजारात न्यायचं भाडंही सुटत नव्हतं. मेमध्ये हात पोळले म्हणून लागवड कमी झाली, त्यात उन्हाचा आणि पावसाचा फटका बसला, म्हणून जुलैत तुटवडा. जुलैचा भाव बघून सगळ्यांनी तयार रोपं लावली, म्हणून सप्टेंबरात ढीग.

माझा धाकटा भाऊ जुन्नर तालुक्यात टोमॅटो करतो. नारायणगावच्या बाजारात त्याचे क्रेट जातात. गॅलरीतल्या या मोहिमेबद्दल त्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "ताई, भाव दिसला की लावायचं आणि तोडा आला की भाव गेलेला, हा धंदा आमचा. तुम्हाला पुण्यात बसून कोणी सांगितला?"

मी गॅलरीत आणि गच्चीवर भाज्या लावते, टोमॅटोसुद्धा लावते. तरी माझं म्हणणं असं, की भाजीच्या भावावरचा उपाय म्हणून कुंडीतला टोमॅटो हा निव्वळ भ्रम आहे. वीस लिटरच्या पिशवीत नीट सांभाळलेलं झाड हंगामभरात दोन-तीन किलो देतं. चौघांच्या घराला आठवड्याला किलोभर टोमॅटो सहज लागतो. पिशवी, कोकोपीट, खत, काठ्या, निंबोळी तेल यांचा खर्च मांडून बसलात तर नवरा हसेल. माझे हसतात. जुन्नरच्या भावाचा हंगाम लागला तर एकरी पंचवीस-तीस टन माल निघतो; त्याच्याशी बरोबरी करायला गॅलरी जन्मालाच आलेली नाही.

मग लावायचं कशाला? जे प्रवास सोसत नाही ते घरी लावावं, एवढं साधं सूत्र मला पटलेलं आहे. बाजारातला टोमॅटो प्रवासासाठीच घडवलेला असतो. जाड सालीची संकरित जात, रंग फिरायला लागला की तोडायचा, वीस किलोच्या क्रेटमध्ये भरायचा, दोन-तीन दिवसांनी तो दिल्लीत लाल होऊन उतरला पाहिजे. त्यात शेतकऱ्याचा काही दोष नाही. पातळ सालीचा, आंबट, रसाचा गावरान टोमॅटो त्या क्रेटमध्ये तळाला गेला तर नारायणगावच्या फाट्यापर्यंतच त्याचं सार होईल. हा टोमॅटो झाडावर पूर्ण पिकू द्यायचा आणि तोडून लगेच चिरायचा, ही चैन फक्त कुंडीवाल्याला परवडते. तेव्हा टोमॅटो लावायचाच असेल तर हा लावा, आणि भाव बघून नव्हे, हवा बघून लावा.

पुण्यात ती हवा गणपतीच्या आसपास बी टाकणाऱ्याला मिळते. ऑक्टोबरात रोपं मोठ्या कुंडीत जातात आणि डिसेंबर ते फेब्रुवारी फळ येतं. पावसाळ्यात लावला तर पानं करपतात, फळं तडकतात. मार्च सरला की वेगळंच दुखणं. दिवसाचा पारा पस्तिशीच्या पुढे गेला आणि रात्रही गार होईना, की फूल लागतं, देठ पिवळा पडतो आणि फूल गळतं. लोक मग खत वाढवतात. खताने उन्हाळा जात नाही.

फुलावरून आठवलं. टोमॅटोचं फूल स्वतःच्याच परागावर फळतं, पण पराग आत नळीत कोंडलेला असतो. तो सुटायला फुलाला थरथरावं लागतं. मोकळ्या शेतात वारा ते काम करतो, शिवाय काळा भुंगा फुलाला लोंबकळून असा काही घुमतो की पराग भुरभुर पडतो. आपल्या ओळखीच्या मधमाशीला ती घुमण्याची कला येत नाही. चार बाजूंनी ग्रिल आणि वर जाळी लावलेल्या गॅलरीत ना वारा, ना भुंगा. म्हणून सकाळी चहा घेताना आधाराच्या काठीला चार टिचक्या माराव्यात. झाड नुसतंच वाढतंय, फळ धरत नाही, अशी तक्रार करणाऱ्या शेजाऱ्यांना मी हा एकच उपाय सांगते आणि मला उगाचच वनस्पतिशास्त्रज्ञाचा मान मिळतो.

दुसरी तक्रार फळाचं बूड काळं पडण्याची. त्यावर अंड्याची टरफलं टाकायचा सल्ला घरोघर दिला जातो. कॅल्शियम कमी पडतं हे खरं, पण बहुतेक वेळा ते मातीत कमी नसतं, फळापर्यंत पोचत नसतं. कारण ते पाण्याबरोबर चढतं आणि आपण दोन दिवस कुंडी वाळवून तिसऱ्या दिवशी बादली ओततो. टरफल कुजायला महिने लागतात. पाणी नियमित द्या, मातीवर वाळलेल्या पानांचा थर ठेवा आणि अंड्याची भुर्जी करा.

पण हे सगळं करण्याआधी ऊन मोजा. टोमॅटोला निदान सहा तास थेट ऊन लागतं. थंडीत सूर्य दक्षिणेला कलतो, त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत ते आतपर्यंत येतं आणि उत्तरेच्या गॅलरीत अजिबात येत नाही. उत्तरेची गॅलरी असलेल्या माणसाने हिवाळ्यात टोमॅटो लावणं म्हणजे अंधाऱ्या खोलीत पापड वाळत घालणं.

अशा गॅलऱ्यांसाठी पाला आहे. पालेभाजीला तीन-चार तासांचं ऊन चालतं, आणि प्रवास न सोसणाऱ्या भाज्यांत पहिला नंबर तिचाच. पावसाच्या चार सरी पडल्या की कोथिंबिरीची जुडी अर्धी सडलेली येते आणि भाव दुप्पट होतो. धणे हलके रगडून दोन फाका करून पेरले तर आठ-दहा दिवसांत उगवतात आणि दीड महिन्याच्या आत चिमूटभर कोथिंबीर तोडायला मिळते. चिमूटभरच लागते ना आपल्याला? आमटीवर घालायची चार काड्या कोथिंबीर रोज ताजी मिळणं, यात गॅलरीची खरी कमाई आहे. मेथी थर्माकोलच्या उथळ खोक्यात येते. पुदिन्याच्या बाजारातून आणलेल्या काड्याच खोचायच्या. मायाळूचा वेल ग्रिलवर चढवला की त्याच्या भज्यांसाठी पाहुणे आपणहून येतात. चाकवत, चंदनबटवा आता मंडईतही शोधावे लागतात आणि सापडले तर मान टाकलेले असतात. त्यांना घरची कुंडी मानवते.

आणि अळू. याला सावली चालते आणि पाणी तर हवंच असतं. एसीच्या नळीखाली ठेवलेला आमचा डबा पानांनी उतू जातो. फदफद्याला लागतात तेवढी पानं सकाळी कापायची, दुपारी ताटात. मात्र भाजीचा किंवा वडीचा अळू कोणाच्या तरी घरून कंद आणून लावा. बागेतला शोभेचा अळू उचलून आणू नका, तो खायचा नसतो.

'विषमुक्त' या शब्दाबद्दलही बोललं पाहिजे, कारण गच्चीवाल्यांच्या बोलण्यात तो एक तोरा असतो. माझ्या झाडावर अळी दिसली तर मी ती चिमट्याने उचलते. पानं आकसायला लागली तर पांढरी माशी आली हे ओळखून झाडच उपटून टाकते, कारण पानं आकसवणाऱ्या रोगाचा विषाणू तीच पसरवते. माझं नुकसान एका पिशवीचं. भावाला एकरभर झाडं अशी उपटता येत नाहीत. त्याच्यामागे बांबू, तार, सुतळी, मल्चिंग, ठिबक यांचं कर्ज उभं असतं. तो फवारतो. जास्त फवारतो, हेही मी त्याला तोंडावर सांगते. पण मूठभर कुंड्या सांभाळणाऱ्याने त्याला विष पिकवणारा ठरवावं हे मला सहन होत नाही. असाच अन्याय २०२० मध्येही झाला. तेव्हा आमच्याकडे टोमॅटोवर पिवळे-लाल पट्टे यायला लागले. शेतकऱ्यांनी त्याला तिरंगा नाव दिलं. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेच्या तपासणीत काकडीवर येणारा मोझॅक विषाणू सापडला. माणसाला त्याचा काही अपाय नाही. पण करोनाचे दिवस, त्यात विषाणू हा शब्द ऐकला आणि शहरातल्या लोकांनी टोमॅटोकडे पाठ फिरवली. कुंडीत एकदा तरी मोझॅक आलेलं पान पाहिलेला माणूस असा घाबरला नसता.

गच्चीबद्दल सोसायट्यांचा विरोध मला सरसकट चूक वाटत नाही. वापरत्या गच्चीवर चौरस मीटरला दीडशे किलो भार धरतात, तर वीतभर ओल्या मातीचा थर त्याच्या दुपटीहून जड होतो. म्हणून वाफे बांधू नयेत. डबे वेगवेगळे, विटांवर उचललेले, कडेच्या भिंतीलगत ठेवावेत आणि आत माती थोडी, पालापाचोळा आणि कंपोस्ट जास्त भरावं. गळती कुंडीमुळे होत नाही, पाणी तुंबल्याने होते. एवढं मान्य करून कमिटीने गच्चीची किल्ली द्यावी.

आणि महापालिकेने कुंड्या-बियाणं वाटण्याच्या भानगडीत पडू नये. गांडूळखत, सौरऊर्जा, पर्जन्यजल यांच्यासाठी पुण्यात मिळकतकरात पाच ते दहा टक्के सवलत आहे. पण कित्येक सोसायट्यांत गांडूळखताचा हौद बिल्डरने बांधून दिला तसाच कोरडा पडलेला असतो, कारण तयार होणारं खत न्यायला कोणी नाही. त्या खताला गिऱ्हाईक म्हणजेच गच्ची. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी तिथल्याच स्वयंपाकघराच्या ओल्या कचऱ्यावर बाग उभी केली. कचरा आणि बाग एकाच जिन्यावर होते म्हणून ते जमलं. पुण्यात अदिती देवधर यांच्या 'ब्राउन लीफ'ने पाचोळा नको असलेल्यांची गाठ पाचोळा हवा असलेल्यांशी घालून दिली. सवलत देताना हौद आहे का एवढंच न बघता खत कुठे जातं, हेही पालिकेच्या माणसाने विचारावं.

यंदा भाव काय होतील ते मला माहीत नाही, भावालाही नाही. गणपतीनंतर माझ्याकडे गावरान टोमॅटोची रोपं तयार असतील. आमच्या सोसायटीत ज्यांची गॅलरी दक्षिणेची आहे त्यांनी आपापला डबा आणि खालची ताटली घेऊन यावं. उत्तरेच्या गॅलरीवाल्यांसाठी अळूचे कंद वेगळे काढून ठेवले आहेत.