‘महाकाल’ची भीती आणि आमची

वार्षिक अंकात चित्रपटावर लिहायचे तर ते सत्यजित राय यांच्यावर लिहावे, असा एक अलिखित संकेत आहे. मी रामसे बंधूंच्या ‘महाकाल’वर लिहिते आहे. वाचकांनी खुशाल हसावे. मीसुद्धा हसण्याच्या तयारीनेच तो पाहायला बसले होते.

रामसे म्हणजे फाळणीनंतर कराचीहून मुंबईत आलेले कुटुंब. लॅमिंग्टन रोडवर त्यांचे रेडिओचे दुकान होते. वडिलांनी काढलेल्या ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ (१९७०) या चित्रपटात पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा घालून चोरी करतात. चित्रपट पडला, पण त्या एका प्रसंगाला प्रेक्षक दचकतात हे मुलांनी हेरले. त्यातून १९७२ साली ‘दो गज जमीन के नीचे’ आला. कथा कुमारची, दिग्दर्शन तुलसी आणि श्यामचे, कॅमेरा गंगूचा, ध्वनी किरणचा, संकलन अर्जुनचे; सात भावांनी घरच्या घरी कामे वाटून घेतली. छायालेखन ते एका पुस्तकावरून शिकले, असे सांगतात. घरात पहिल्यांदाच पुस्तके आणणाऱ्या माझ्यासारखीला याचे फार अप्रूप वाटते.

‘महाकाल’ १९९४ सालचा. तो वेस क्रेव्हन यांच्या ‘अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’ (१९८४) या अमेरिकन चित्रपटाची उघडउघड नक्कल आहे. शकाल नावाचा खुनी पोलादी नखांचा पंजा घालून मुलांच्या स्वप्नात येतो आणि स्वप्नातल्या जखमा जागेपणी अंगावर उरतात. मूळ चित्रपटही थोड्या पैशांतच केलेला होता. त्यामुळे ‘पैसा नव्हता’ ही सबब नकलेला चालणार नाही.

आमचे अण्णा लालबागला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतात. आठवी शिकलेले. चित्रपट माझ्याबरोबर पाहताना ते एवढेच म्हणाले, “मातीत उणे राहिले की आम्ही रंगाने झाकतो. यांनी उजेडाने झाकलेय.” त्या लाल-निळ्या उजेडाबद्दल आणि धुराबद्दल याहून नेमके मला कुठे वाचायला मिळालेले नाही. अपुऱ्या साधनांतून वातावरण उभे करणे ही रामसेंची खरी कमाई होय.

दुसरे बळ कथेत आहे. अनिताच्या वडिलांनी शकालला पूर्वीच संपवलेले असते आणि ती गोष्ट घरात दडवून ठेवलेली असते. मुलगी स्वप्नांबद्दल जीव तोडून सांगते, पण मोठ्यांना ते पटत नाही. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सहाजण झोपतो. मी झोपेत ओरडले तर सगळे उठतील, शेजारचे दारही उघडेल. म्हणून बंगल्यातल्या मुलीची भीती आपली नव्हे, असे प्रथम वाटले. मग लक्षात आले की सगळे जागे झाले तरी “काय झाले?” या प्रश्नाला मी खरे उत्तर देईनच असे नाही.

दोष पुष्कळ आहेत. भीतीचा सूर जरा लागतो न लागतो तोच गाणे येते, नाहीतर जॉनी लिव्हर मायकेल जॅक्सनची नक्कल करीत येतात. पण हे दोष मी माफ करीन. कॉलेजातले गुंड मुलींच्या मागे लागतात, ते प्रसंग मात्र माफ करवत नाहीत. तिथे कॅमेरा मुलीच्या बाजूने उभा राहत नाही, तो गुंडांच्या शेजारी जाऊन उभा राहतो. तिची घाबरगुंडी हा प्रेक्षकांसाठी मांडलेला माल होतो. शकालच्या पंजाला मी हसले. या प्रसंगांना हसता आले नाही. संध्याकाळी परळच्या पुलावरच्या गर्दीत मी दप्तर छातीशी धरून चालते, ते शकालच्या भीतीने नव्हे.

म्हणजे ज्या चित्रपटाला ‘मुलीचे कोणी ऐकत नाही’ ही गोष्ट सापडली होती, त्यानेच शेवटी मुलीचे ऐकले नाही. ही उणीव पैशांची नव्हे. कॅमेरा या बाजूला ठेवला काय नि त्या बाजूला ठेवला काय, खर्च तेवढाच येतो.

आपल्याकडे अशा चित्रपटांना एकतर ‘पिटातला माल’ म्हणून झटकून टाकतात किंवा गंमत म्हणून डोक्यावर घेतात. दोन्हींत तो नीट पाहिला जात नाही. आपल्या वाङ्मय मंडळाने एका शनिवारी ‘महाकाल’ दाखवावा आणि नंतर तासभर चर्चा ठेवावी, अशी माझी सूचना आहे. प्राध्यापकांनी यावेच. मात्र त्या चर्चेत पहिल्यांदा मुलींना बोलू द्यावे. अण्णांना सुट्टी मिळाली तर त्यांनाही मी घेऊन येईन.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष बी. ए.