सलाईन कोणासाठी?

"डॉक्टर, एक बाटली लावूनच टाका." हे वाक्य दवाखान्यात कानावर पडले नाही असा दिवस विरळाच. म्हणणारा बहुधा पेशंट नसतो. सोबत आलेला मुलगा, जावई नाहीतर पुतण्या असतो. आजीबाई बाकावर बसून पाणी पीत असतात, लघवी साफ होत असते, तापही उतरलेला असतो. तरी बाटली हवीच!

त्या बाटलीत असते तरी काय? साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरमध्ये साडेचार ग्रॅम मीठ; पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरमध्ये २५ ग्रॅम साखर. बाकी सारे पाणी. ज्याला तोंडाने घेता येते, त्याला यातून वेगळी 'ताकद' मिळत नाही. १९७१ साली बनगाव येथे बांगलादेशी निर्वासितांमध्ये पटकीची साथ पसरली आणि सलाईन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून असंख्य रोगी वाचवले. उलट हृदय थकलेल्या म्हातारीच्या शिरेत नको असताना लिटरभर पाणी गेले, तर ते फुप्फुसात साठून रात्री तिला दम लागू शकतो. (तोंडाने काहीच टिकत नसेल, रोगी बेशुद्ध असेल, रक्तदाब खाली गेला असेल, तर गोष्ट निराळी. तेथे हुज्जत घालू नये.)

मग एवढा आग्रह कशासाठी? माझ्या मते त्यात माया असतेच, पण निव्वळ माया नसते. मुलगा नोकरीनिमित्त परगावी असतो. आईकडे लक्ष देता येत नाही ही बोच मनात असते. संध्याकाळी बहिणीचा फोन येणार, "नुसत्या गोळ्याच दिल्या का रे?" स्टँडला टांगलेली बाटली चार माणसांना दिसते, गोळी दिसत नाही. आम्हा डॉक्टरमंडळींचे हेतूही काही सोवळे नसतात. नाही म्हटले तर पेशंट समोरच्या दवाखान्यात जातो, हो म्हटले तर बिल वाढते.

आणि आजीबाई? त्याही पुष्कळदा हट्ट धरतात. बाटली संपेपर्यंत दोन तास मुलगा उशाशी बसतो, हात हलू नये म्हणून धरून ठेवतो. एरवी त्याला दहा मिनिटे सवड नसते. 'बाटलीने हुशारी आली' असे त्या सांगतात, तेव्हा ती हुशारी त्या दोन तासांचीही असते, असे मला वाटू लागले आहे.

म्हणून पुढच्या वेळी आग्रह धरण्याआधी मनाशी एवढेच विचारा, की हे आईच्या शरीरासाठी आहे की माझ्या मनाच्या समाधानासाठी? दुसरे उत्तर आले तर लाजू नका. ते दोन तास तिला घरीच द्या, वाटीभर पेज स्वतः भरवा, तिच्या गोळ्यांची पाकिटे एकदा उघडून पाहा. तिला हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर दिवसाला पाणी किती द्यायचे हे मात्र डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.