मैदान कोणाचं?

आपल्या अंकात फुटबॉल कशाला, असं काही जणींना वाटेल. मी काही क्रीडासमीक्षक नाही. गिरड आणि आसपासच्या गावांत मुलींच्या गटांसोबत काम करते. पण 2025 सालातला भारतीय फुटबॉल पाहिला आणि वाटलं, हा आपलाच प्रश्न आहे.

जुलै 2025 मध्ये भारताच्या महिला संघानं थायलंडला त्यांच्याच देशात 2-1 असं हरवलं. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरी जिंकून आशियाई चषकात जाण्याची ही पहिलीच वेळ. त्याच वर्षी वीस आणि सतरा वर्षांखालील मुलींचे संघही आपापल्या आशियाई चषकासाठी पात्र ठरले. पुरुषांचा संघ मात्र ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून हरला आणि 2027 च्या चषकाची त्याची वाट बंद झाली. हे पुरुष खेळाडूंना हिणवण्यासाठी सांगत नाही. मुद्दा वाटणीचा आहे.

2024-25 च्या हंगामात पुरुषांच्या इंडियन सुपर लीगमध्ये 13 संघ होते आणि साखळीत प्रत्येकाला 24 सामने. महिलांच्या लीगमध्ये 8 संघ, प्रत्येकी 14 सामने. विजेता ईस्ट बंगाल. त्या आठांत महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता! सामने कमी म्हणजे सराव कमी, आणि कमाईही कमी.

आणि सुरक्षितता? 2022 मध्ये सतरा वर्षांखालील मुलींच्या संघाच्या सहायक प्रशिक्षकाला गैरवर्तनाच्या आरोपावरून काढावं लागलं. मार्च 2024 मध्ये गोव्यात दोन खेळाडूंनी महासंघाच्या कार्यकारिणीतल्याच एका सदस्याविरुद्ध मारहाणीची तक्रार केली. त्याला अटक झाली. ऑगस्ट 2022 मध्ये महासंघाच्या कारभारातल्या गोंधळामुळे फिफानं भारताला निलंबित केलं, तेव्हा ताश्कंदला पोचलेला गोकुलम केरळचा महिला संघ न खेळताच परतला. भांडण खुर्च्यांचं, शिक्षा बायकांना. घरात तरी वेगळं काय घडतं?

1975 हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. त्याच वर्षी भारतात महिला फुटबॉलचा स्वतंत्र महासंघ उभा राहिला. त्या काळातल्या मुली आशियाई स्पर्धेत दोनदा उपविजेत्या ठरल्या. म्हणजे ताकद आज आलेली नाही. अडवणूक मात्र जुनीच आहे.

ही अडवणूक गावातूनच सुरू होते. संध्याकाळी मैदान पोरांचं, आणि पोरी पाण्यावर, चुलीपाशी, नाही तर धाकट्या भावंडांमागे. पाळी आली की धावणं बंद. "लोक काय म्हणतील?" हे आईच म्हणते, कारण बोल तिलाच लागणार असतो. तिच्यावर रागावून उपयोग नाही. तिच्या बाजूनं चार बाया उभ्या राहिल्या पाहिजेत. नागपुरात 2001 पासून झोपडपट्टीतल्या मुलांसाठी फुटबॉलचं काम सुरू झालं आणि पुढे मुलीही त्यात आल्या. वर्धा जिल्ह्यात का होऊ नये?

म्हणून प्रत्येक गटानं तीन गोष्टी कराव्यात. शाळेच्या मैदानावर मुलींसाठी रोज एक तास राखून ठेवण्याचा ठराव ग्रामसभेत मांडावा. तिथे स्वच्छतागृह आहे का, ते स्वतः जाऊन पाहावं. बाहेरगावी सामन्याला जाणाऱ्या मुलींसोबत एक बाई असावी, आणि तक्रार कोणाकडे करायची हे प्रत्येक मुलीला ठाऊक असावं.

आपण शरीरावरच्या हक्काबद्दल नेहमी बोलतो. मनसोक्त धावणं हाही त्याच हक्काचा भाग आहे. तुमच्या गावात मैदान कोणाचं आहे, ते जरूर लिहून कळवा.